तिसरा साचा

१९२८ च्या एप्रिलमध्ये मुंबईतल्या जवळपास सगळ्या कापड गिरण्या बंद पडल्या, त्या थेट ऑक्टोबरात सुरू झाल्या. दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने कामावर गेले नाहीत. भोईवाडा, नायगाव, लालबाग, डिलाइल रोडच्या चाळींत वाण्याकडची उधारी चढत गेली. कित्येकांनी आधी बायकापोरांना कोकणात, घाटावर धाडलं आणि मग स्वतःही गावची वाट धरली. मागण्यांची यादी १७ कलमांची होती. पगार, दंड, कामाचे तास असं बरंच काही तिच्यात होतं. पण ठिणगी पडली ती एका आकड्यावरून. विणकराकडे तोवर दोन साचे असत, ते तीन करायचे. ससून समूहाच्या गिरण्यांनी याची सुरुवात केली होती. कताईकडेही तेच: रिंग या सूत कातणाऱ्या यंत्राची एक बाजू सांभाळणाऱ्याने यापुढे दोन बाजू सांभाळायच्या. या योजनेचं नाव होतं ‘एफिशियन्सी’, म्हणजे कार्यक्षमता.

या योजनेला माणसं एवढी का बिथरली, हे कळायला साचाखात्यात शिरावं लागतं.

साचा म्हणजे यंत्रमाग. ताण्याचे शेकड्यांनी, कधी दोन-दोन हजार धागे समोर पसरलेले आणि त्यांच्या मधून धोटा मिनिटाला पावणेदोनशे ते दोनशे वेळा इकडून तिकडे धावतो. धोट्याच्या पोटात बाण्याच्या सुताची कांडी. जाड सूत असेल तर ती काही मिनिटांतच संपते. मग साचा थांबवायचा, धोटा काढायचा, नवी कांडी घालायची, सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकाशी आणून तोंडाने ओढून बाहेर काढायचं, धोटा जागेवर ठेवायचा आणि साचा पुन्हा चालू करायचा. एवढ्यात शेजारच्या साच्यावर ताण्याची तार तुटलेली असते. ती वेळीच दिसली नाही तर कापडात भेग उमटते. भेगेचं कापड कामगाराच्या माथी मारलं जाई. ते त्याने विकत घ्यायचं आणि पैसे पगारातून कापून जायचे. खात्यात आवाज इतका की शेजारच्याशी बोलायचं ते खुणांनी. तार तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवलेली, त्यामुळे मे महिन्यात अंगातून नुसत्या धारा. असे दोन साचे दहा तास सांभाळणाऱ्या माणसाला आता तिसऱ्या साच्यासमोर उभं राहायला सांगण्यात येत होतं.

मालकांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. जपानी कापड बाजारात येऊन आदळत होतं आणि मुंबईच्या गिरण्यांचा नफा आटला होता. १९२७ मध्ये टॅरिफ बोर्डाने गिरण्यांना कार्यक्षमता वाढवायचा सल्ला दिला होता. तीन साचे चालवणाऱ्याला महिन्याकाठी जास्त पैसे मिळतील, सूत चांगलं देऊ, मदतीला माणूस देऊ, असं मालक सांगत होते. कामगारांचा हिशेब मात्र बोटांवर करता येण्यासारखा होता. ६०० साचे असलेल्या गिरणीत दोन साच्यांच्या पद्धतीने ३०० विणकर लागतात, तीनच्या पद्धतीने २००. उरलेल्या शंभरांनी कुठे जायचं? आणि जे दोनशे राहतील त्यांचं काम दीडपट वाढेल, पगारही दीडपट वाढेल का? विणलेल्या कापडाचा वारामागचा दर कमी होणार होता. म्हणजे वाढीव कापडाचा मोठा वाटा गिरणीकडे आणि वाढीव दमणूक विणकराकडे.

यात एक गोष्ट नजरेतून सुटू नये. जपानात साकिची टोयोडाने १९२४ मध्ये स्वयंचलित माग तयार केला होता. तार तुटली की तो आपणहून थांबे आणि धोटा बदलायला त्याला थांबावंही लागत नसे, त्यामुळे एक माणूस असे कित्येक माग सांभाळू शकत असे. लँकेशायरच्या ज्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रं जगभरच्या कापड गिरण्यांत होती, त्याच कंपनीने १९२९ मध्ये एक लाख पौंडांचा करार करून टोयोडाकडून त्याचं पेटंट घेतलं. अमेरिकेत नॉर्थरॉपचा स्वयंचलित माग तर १८९० च्या दशकापासून चालत होता. म्हणजे नजर ठेवण्याचं काम माणसाकडून काढून यंत्राकडे देणं शक्य होतं, जगात ते घडलंही होतं. मुंबईत माणूस स्वस्त होता, यंत्र महाग होतं. म्हणून बहुतेक साचे तेच जुने राहिले आणि डोळे-हात-पाय यांचा वेग वाढवायचं ठरलं. कार्यक्षमतेच्या नावाखाली ताणलं गेलं ते कामगाराचं शरीर.

संप मिटला तेव्हा सर चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. समितीने योजना मुळात रास्त ठरवली. मात्र ती राबवायची तर गिरणीतली परिस्थितीही सुधारली पाहिजे, हेही नोंदवलं. दरम्यान २२ मे १९२८ रोजी स्थापन झालेली गिरणी कामगार युनियन वर्षअखेरीस ५० हजारांहून अधिक सभासदांची झाली होती. तिचे अध्यक्ष अर्जुन आळवे स्वतः गिरणी कामगार होते. मार्च १९२९ मध्ये श्रीपाद अमृत डांगे यांच्यासह युनियनचे पुढारी कम्युनिस्टांवरच्या मीरत कटाच्या खटल्यात पकडले गेले. तिसरा साचा पुढे हळूहळू आला, काही ठिकाणी चौथाही आला. पण सहा महिन्यांच्या संपामुळे तो किती वेगाने येणार, कुणाला विचारून येणार आणि त्याचा दर काय असणार, यावर बोलणी करावी लागतात हे मालकांना कळलं. कामगारालाही ते कळलं.

याआधी एकदा, दिव्यांच्या निमित्ताने, मुंबईने हेच पाहिलं होतं. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला, तेव्हापासून पन्नासेक वर्षं गिरण्या सूर्याच्या घड्याळाने चालल्या. उजाडलं की सुरू, अंधारलं की बंद. हिवाळ्यात दिवस लहान, म्हणून काम थोडं कमी. मग १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे लागले. दिव्याने खरं तर कामगाराच्या डोळ्यांना आराम मिळायला हवा होता. झालं असं की सूर्याने घालून दिलेली मर्यादाच नाहीशी झाली. पहाटे पाचला सुरू झालेल्या काही गिरण्या रात्री आठपर्यंत चालू राहिल्या. बहुतेक ठिकाणी दिवस तेरा-चौदा तासांचा झाला. त्या वर्षी जागोजागी कामगार काम सोडून बाहेर पडले. सरकारने आधी समिती नेमली, नंतर आयोग नेमला आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांचे रोजचे तास १२ वर आणून ठेवले.

पुढचा प्रवास सनावळीतच सांगता येतो. कायद्याची मर्यादा १९२२ मध्ये रोज ११ तास, आठवड्याला ६०. १९३४ मध्ये १० आणि ५४. १९४६ मध्ये ९ आणि ४८. त्याच्याही आधी, १० जून १८९० रोजी, मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी हजारो कामगारांच्या सह्या, अर्ज आणि सभा यांच्या जोरावर ती मिळवली. या प्रत्येक सनाच्या मागे एखादी सभा आहे, संप आहे, आयोगापुढे दिलेली साक्ष आहे. मधल्या काळात चात्या सुधारल्या, वाफेच्या इंजिनाची जागा विजेच्या मोटारीने घेतली, खोपोलीहून टाटांची जलविद्युत १९१५ पासून गिरण्यांत आली. तासाला निघणारं सूत आणि कापड वाढतच गेलं. पण अधिक सूत निघतंय म्हणून एखाद्या मालकाने आपणहून कामगाराला तासभर आधी घरी सोडलं, असं या इतिहासात सापडत नाही.

अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३० मध्ये, म्हणजे मुंबईत तिसऱ्या साच्याचा वाद ताजा असतानाच, एक निबंध लिहिला. शंभर वर्षांनी यंत्रांची उत्पादकता एवढी वाढलेली असेल की माणसाला आठवड्याला १५ तास काम पुरेल, असा त्यांचा अंदाज होता. उत्पादकता वाढण्याचा अंदाज बराचसा खरा ठरला आहे. पंधरा तासांचा मात्र कुठे पत्ता नाही. केन्स यांचं गणित चुकलं नव्हतं. वाचलेला वेळ कुणाच्या पदरात पडतो हे गणिताने ठरत नाही, एवढंच त्यांच्या हिशेबातून निसटलं.

तास घटले तेव्हा गिरणीने काय केलं? ती जास्त वेळ चालू लागली. माणूस आठ तास, पण यंत्र जवळपास चोवीस तास. दुसऱ्या महायुद्धात कापडाची मागणी वाढली आणि तीन पाळ्या रुळल्या. भोईवाड्याच्या आणि लालबागच्या चाळींनाही मग त्याच पाळ्या लागल्या. एकेका गाळ्यात गावकीतले पंधरा-वीस जण भाड्याने राहत. पहिल्या पाळीचा उठून गेला की त्याच वळकटीच्या जागी रातपाळीचा येऊन आडवा होई. दिवसा झोपणाऱ्यांसाठी पोरांना गॅलरीत गप्प बसवावं लागे. जेवण खानावळीत, तेही पाळीप्रमाणे. भजनाची बारी, नाटकाची तालीम, गणपतीची वर्गणी हे सगळं कुणाची कोणती पाळी आहे ते बघून ठरायचं. भोंगा वाजला की अख्ख्या वस्तीचं घड्याळ पुढे सरकायचं. यंत्र कारखान्यात असतं, पण त्याचा वेग घरात येऊन राहतो. मुंबईत हे या चाळींइतकं उघड क्वचितच कुठे दिसलं असेल.

बायकांची गोष्ट निराळी आहे. ती फार थोडी सांगितली गेली आहे, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

१९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांत एक बाई होती. बायका मुख्यतः वाइंडिंग आणि रिळिंग खात्यात. सूत बॉबिनीवरून रिळावर भरायचं, तुटलेली टोकं बोटांनी गाठ मारून जोडायची. मजुरी कामावर, त्यामुळे सूत चांगलं आलं तर चार पैसे जास्त, वाईट आलं तर दिवस फुकट. त्यांच्यावर नायकीण असे. तिच्या मर्जीवर काम मिळणं-न मिळणं अवलंबून. लहान मूल असलेल्या बाया ते बरोबर आणत, कधी यंत्राजवळ टोपलीत निजवत, गप्प राहावं म्हणून अफूची गोळीही देत. १९२० च्या दशकातल्या आरोग्य तपासण्यांत याच्या नोंदी आहेत.

मग वेगाने चालणारी वाइंडिंगची यंत्रं आली. दहा बायांचं काम चौघींनी व्हायला लागलं. तीन पाळ्या सुरू झाल्या तेव्हा कायद्याने बायकांना रात्रीच्या कामाची बंदी होती. बंदीमागचा हेतू त्यांच्या संरक्षणाचा. १९२९ च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने बाळंतपणाचा भत्ता मिळाला, तोही योग्यच. पण मालकाच्या नजरेत आता बाई म्हणजे रातपाळीला न चालणारी आणि बाळंतपणाचा खर्च मागणारी कामगार झाली. जिथे नवं यंत्र आलं तिथे पुरुष बसवला गेला. उषाबाई डांगे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी बायकांना संघटित करून कपातीविरुद्ध लढे दिले, दारात ठाण मांडून मॅनेजरांना अडवलं. तरी गळती थांबली नाही. १९८० च्या दशकापर्यंत गिरण्यांत शेकडा पाचही बायका उरल्या नव्हत्या.

यंत्राने त्यांना हटवलं असं म्हणणं अर्धंच खरं आहे. तेच वेगवान यंत्र बायकांनाही चालवता आलं असतं. त्याला जास्त ताकद लागत नव्हती. ते कुणाच्या हाती द्यायचं हा निर्णय माणसांनी घेतला, आणि कामगार संघटनांतल्या पुरुषांनीही त्याविरुद्ध पुरेसा आवाज उठवला नाही. गिरणीतून बाहेर पडलेल्या बायका बेकार बसल्या असं नाही. कुणी भाजी विकली, कुणी घरात खानावळ चालवून रातपाळीवाल्यांचे डबे भरले. गिरणीच्या पगारात जगणारा पुरुष त्यांच्या चुलीवर जेवत होता. त्या चुलीला मात्र ना पाळी होती ना रविवार. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते याच खानावळवाल्या बायकांसाठी. त्यांना बँकेचं कर्ज मिळवून देणं हे मंडळाचं पहिलं मोठं काम.

आता पुन्हा त्या धोट्याकडे. सुताचं टोक तोंडाने ओढायची पद्धत अनारोग्याची होतीच. विणकराच्या छातीत तंतू जात आणि एकाच धोट्याला दोन पाळ्यांतल्या माणसांची तोंडं लागत. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये अशा धोट्यांवर बंदी घातली. मुंबईत याच भोकाच्या आडून साचाखात्याची दारं दलितांना बंद राहिली. त्यांनी तोंड लावलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावू, हा सवर्ण विणकरांचा सवाल. साचाखातं कामगारांत सर्वांत चांगला पगार देणारं खातं. दलितांच्या वाट्याला बहुतेक करून कमी पगाराचं रिंगखातं आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा परळच्या बीआयटी चाळीत राहत होते आणि त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेचं काम परळच्याच दामोदर हॉलमधून चालायचं. साचाखातं हाकेच्या अंतरावर होतं. १९२८ च्या संपाच्या वेळी त्यांनी पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवला: दलितांना साच्यावर काम करू देण्याची मागणी तुमच्या यादीत नसेल, तर त्यांनी तुमच्या संपात का यावं? मागणी यादीत गेली, पण नाखुशीने.

तोंड न लावता सूत ओवता येणारा धोटा बनवणं अशक्य नव्हतं. नॉर्थरॉपच्या मागाला तर तसाच धोटा लागे. एवढ्याशा सुधारणेने सवर्ण विणकराच्या हातची सबब निघून गेली असती. ती सुधारणा करायची निकड ना मालकांना वाटली ना विणकरांना. तंत्र कोणत्या दिशेने सुधारायचं, कशासाठी पैसे घालायचे आणि कशासाठी नाही, यातही समाज दिसतो. गतीसाठी पैसे निघाले, धोट्यासाठी निघाले नाहीत.

यंत्रावर सरसकट राग धरणं मात्र चूक ठरेल. कापूस मोकळा करणाऱ्या ब्लोरूम आणि तो पिंजणाऱ्या कार्डिंग खात्यातली हवा कापसाच्या किटाळाने भरलेली असे. वर्षानुवर्षं ती हुंगणाऱ्याला बायसिनोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. त्याचं पहिलं लक्षण चमत्कारिक असतं: रविवारची सुट्टी संपवून सोमवारी कामावर आलं की छाती आवळल्यासारखी होते, आठवड्याच्या शेवटाकडे बरं वाटतं आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. पुढे पुढे सगळेच दिवस सोमवारसारखे होतात. गिरणगावातल्या डॉक्टरांना ही छाती ओळखीची होती. धूळ ओढून घेणारी, कापूस बंदिस्त नळ्यांतून नेणारी नवी यंत्रं जिथे बसली तिथे माणसाचं आयुष्य वाचलं. धूळ गिळण्याचं, गठ्ठे उचलण्याचं काम यंत्राने घ्यावं, याला कामगार संघटनांची हरकत नव्हती.

स्वातंत्र्यानंतर तडजोडीचा एक मार्ग निघाला. भोईवाड्यात जी. डी. आंबेकर मार्गावर मजदूर मंझिल ही राष्ट्रीय मिल मजदूर संघाची इमारत आहे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने करार करण्याचा हक्क पुढे या संघाकडे आला. १९५० च्या दशकात सरकार, मालक आणि संघ यांची घोषणा होती ती अश्रूंविना आधुनिकीकरणाची. नवं यंत्र येऊ द्या, पण असलेल्या माणसाला काढू नका. तो निवृत्त झाला की ती जागा भरू नका. ऐकायला हे माणुसकीचं होतं आणि त्या पिढीपुरतं ते होतंही. अश्रू मात्र पुढच्या पिढीच्या डोळ्यांत आले. बापाची जागा भरायची नाही म्हटल्यावर मुलगा बदली कामगार झाला. रोज पाळीच्या वेळी गेटवर उभं राहायचं, कुणाचा खाडा पडला तर काम, नाही तर परत. महिन्यात पंधरा दिवस भरले तरी नशीब. अशी दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं काढलेले बदलीवाले गिरणगावात घरोघर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली साठेक गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा पगारवाढीबरोबरच बदलीवाल्यांना कायम करा ही मागणी होती आणि मजदूर संघाला एकमेव प्रतिनिधी मानणारा तो कायदा रद्द करा, हीदेखील.

त्याच सुमारास मुंबईतच दुसऱ्या एका क्षेत्रात गोष्ट वेगळी घडली. बँकांत संगणक येऊ घातले होते. कारकुनांच्या संघटना मजबूत होत्या, त्यांनी विरोध केला आणि १९८३ मध्ये बँक व्यवस्थापनांशी करार केला. किती यंत्रं बसवायची, कुठल्या शाखांत, कोणत्या कामासाठी, हे त्यात लिहिलेलं होतं. नोकऱ्या गेल्या नाहीत. संध्याकाळी खातेवह्यांचा ताळा जुळेपर्यंत अडकून पडणारा दादरचा, गिरगावचा कारकून वेळेवर लोकल पकडू लागला. वाचलेल्या वेळातला वाटा त्याला मिळाला, कारण यंत्र दारात यायच्या आधी तो टेबलाशी बसला होता.

गिरण्यांचा १९८२ चा संप औपचारिकपणे मागे घेतलाच गेला नाही. हजारो लोक परत कामावर घेतले गेले नाहीत. १३ गिरण्या १९८३ मध्ये सरकारने ताब्यात घेतल्या, बाकीच्या एकेक करून थंडावल्या. १९९१ नंतर गिरण्यांच्या जमिनी विकायला वाट मोकळी झाली. नायगाव-दादरच्या स्प्रिंग मिलच्या जागी आज उंच इमारती आहेत. परळची टाटा मिल २०२० च्या टाळेबंदीपर्यंत धडपडत चालू होती, मग तीही थांबली.

कापड विणणं मात्र थांबलं नाही. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीला गेलं. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला होता, तिथे आता हजारोंनी माग आहेत. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले साचे भिवंडीच्या गाळ्यांनी विकत घेतले. यंत्र तेच राहिलं. कायदा, युनियन, भविष्य निर्वाह निधी हे मागे गिरणगावात राहिले. भिवंडीत बारा तासांची पाळी सर्रास आहे, एका कामगाराकडे सहा-सहा, आठ-आठ माग असतात आणि मजुरी मीटरवर. १९२८ मध्ये तिसऱ्या साच्यासाठी मुंबई सहा महिने थांबली होती. आता धोटाच नसलेले रेपियर आणि एअरजेट माग येत आहेत. एअरजेट मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे मारतो. एक माणूस त्यातले कितीतरी सांभाळू शकतो. उरलेल्यांचं काय, हा प्रश्न विचारायला भिवंडीत फॉसेट समिती बसलेली नाही.

आणि भोईवाड्यात? टाटा मेमोरियल, केईएम, वाडिया रुग्णालयांच्या मधल्या गल्ल्यांतून दुपारी मोटारसायकली धावत असतात, पाठीवर जेवणाच्या पार्सलच्या पिशव्या. काम फोनवर येतं, कोणाला द्यायचं ते फोनमधली प्रणाली ठरवते, मजुरी फेरीवर. सणाच्या दिवशी, पावसात दर थोडा वाढतो, जेणेकरून लोक जास्त वेळ रस्त्यावर राहतील. पूर्वी गिरणीत काम देणारा मुकादम ओळखीचा असायचा, त्याच्याशी भांडता तरी यायचं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांची व्याख्या पहिल्यांदा आली. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये त्यांच्यासाठी वेगळे कायदे केले.

महाराष्ट्रातली बातमी दुसरी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची रोजची कमाल मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्याला आणि तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. आठवड्याच्या ४८ तासांनंतरच्या कामाला जादा मोबदला आहे आणि जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असं सरकार सांगतं. १९११ च्या कायद्यातही आकडा १२ च होता. मधल्या काळात यंत्रांचा वेग कितीतरी पटींनी वाढला आहे. संमतीच्या या अटीचा खरा कस कंत्राटी कामगाराच्या बाबतीत लागेल. ज्याला उद्या गेटवर घेतील की नाही याची खात्री नाही, तो आज कागदावर नकार लिहून देऊ शकेल का? संमती कशी आणि कुणासमोर घेतली जाते, नकार देणाऱ्याचं पुढे काय होतं, याची तपासणी कामगार आयुक्तालयाने कारखानावार करायला हवी, आणि संघटनांनी ती मागणी आत्ताच, बारा तास अंगवळणी पडण्याआधी, लावून धरायला हवी.